सोळाशे मीटरच्या पुढं

८ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर, आपल्या घड्याळात सव्वा वाजता, पॅरिसला ऑलिंपिकच्या तीन हजार मीटर स्टीपलचेसची फायनल सुटली. सुरुवातीला सगळ्यांच्या पुढं एक भारतीय होता. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. या शर्यतीच्या ऑलिंपिक फायनलमध्ये पोचलेला पहिला भारतीय पुरुष. थोड्याच वेळात इथिओपियाच्या धावपटूंनी सूत्रं हातात घेतली, साबळे मागं मागं सरकत गेला आणि ८ मिनिटं १४.१८ सेकंदांत अकरावा आला.

दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत एवढंच होतं, ‘साबळेला अकराव्या स्थानावर समाधान’. पण मेडल घेणाऱ्या तिघांकडं जरा नीट बघा. सोनं मोरोक्कोच्या सूफियान अल बक्कालीला, ८:०६.०५. ब्राँझ केनियाच्या अब्राहम किबिवोटला. आणि या दोघांच्या मध्ये, सिल्व्हरला, अमेरिकेचा केनेथ रूक्स, वय २४. ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या टीममधून धावत वर आलेला पोरगा. २०२३ मध्ये तो अमेरिकेतल्या कॉलेजांचा चॅम्पियन होता. फायनलच्या दिवशी सकाळी या रूक्सचं आयुष्यातलं सर्वोत्तम टायमिंग होतं ८:१५.०८. साबळेचं होतं ८:०९.९१, तेही महिनाभर आधी पॅरिसमध्येच डायमंड लीगला नोंदवलेलं. म्हणजे कागदावर आपला गडी पाच सेकंदांनी पुढं होता. रात्री रूक्सनं ८:०६.४१ लावले.

एका शर्यतीवरून मोठे निष्कर्ष काढू नयेत हे मान्य. पण रूक्स चोविसाव्या वर्षी ऑलिंपिकच्या पोडियमवर उभा होता. साबळे चोविसाव्या वर्षी कुठं होता? २०१८ च्या सप्टेंबरमध्ये भुवनेश्वरला, नुकताच पहिल्यांदा साडेआठ मिनिटांच्या आत आला होता. १९८१ पासून गोपाल सैनी यांच्या नावावर असलेला ८:३०.८८ चा राष्ट्रीय विक्रम त्यानं ८:२९.८० असा मोडला. सदतीस वर्षांचा विक्रम गेला, देशात कौतुक झालं. जगाच्या हिशेबात मात्र ती सुरुवात होती, आणि ती उशिरा झाली होती.

का उशिरा, हे आपल्याकडच्या पोरांना समजावून सांगायची गरज नाही. जळोचीच्या बाजूला, एमआयडीसीच्या रस्त्यांवर, इंदापूरकडं जाताना कडेकडेनं पहाटे पाचला पळणारी पोरं-पोरी सगळ्यांनी पाहिलीत. तुमच्यातलेही काही जण त्यात असतील. सगळ्यांच्या डोक्यात एकच आकडा असतो : सोळाशे. पोलिस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आलात तर वीसपैकी वीस मार्क. सैन्यातल्या अग्निवीर भरतीत पहिल्या गटासाठी साडेपाच मिनिटं. तिथून पुढं पळायचं कारण नाही. ऑर्डर आली की स्पाइक्स माळ्यावर.

आता गंमत बघा. अमेरिकेत हायस्कूलच्या पोरांची जी सगळ्यात मानाची शर्यत असते, तिचं अंतर बरोब्बर १६०० मीटरच आहे. ट्रॅकच्या चार फेऱ्या. त्या टायमिंगवर तिथले विद्यापीठांचे कोच पोरं हेरतात. जे अंतर आपल्याकडं नोकरीचा दरवाजा आहे, तेच तिकडं धावण्याच्या करिअरचा दरवाजा आहे. फरक टायमिंगचा आहेच, आणि तो थोडाथोडका नाही. मोठ्या विद्यापीठांच्या टीममध्ये घुसायचं तर मुलांना साधारण सव्वाचार मिनिटांच्या आसपास किंवा आत यावं लागतं. ५:१० म्हणजे फेरीला साडेसत्त्याहत्तर सेकंद. ४:१५ म्हणजे फेरीला चौसष्टच्या आत. आणि साबळेचे ८:०९.९१? फेरीला सरासरी ६५.३ सेकंद. त्या चालीनं सोळाशे होतात ४ मिनिटं २१ सेकंदांत, तेही ९१ सेंटिमीटर उंचीचे लाकडी अडथळे ओलांडत. आणि तिथून पुढं अजून चौदाशे मीटर शिल्लक. पूर्ण शर्यतीत असे अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्याचा खड्डा. भरतीच्या ग्राउंडवर आपण किती दमतो ते आठवलं की हा आकडा नीट कळतो.

साबळेची गोष्ट आता बऱ्यापैकी माहीत झालीय. आईवडील शेतात आणि वीटभट्टीवर राबणारे. शाळा सहा किलोमीटरवर, एसटी नाही, म्हणून कधी चालत कधी पळत जायचं. बारावी झाल्यावर सैन्यात, ५ महार रेजिमेंटमध्ये. सियाचीन, राजस्थानचं वाळवंट, सिक्कीम अशी पोस्टिंग झाली. उणे तापमानातून थेट भट्टीत. धावपटू म्हणून तो तोपर्यंत कुणीच नव्हता. २०१५ मध्ये बरोबरच्या जवानांच्या आग्रहानं सैन्यातल्या क्रॉसकंट्रीत उतरला, तेव्हा विशी ओलांडलेली होती. वजन वाढलेलं होतं, ते उतरवावं लागलं. २०१७ मध्ये कोच अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडं वळवलं.

म्हणजे अडथळ्यावर पाय कसा टाकायचा, पाण्यातून बाहेर पडताना वेग कसा राखायचा, घोळक्यात मागं अडकल्यावर कधी बाहेर पडायचं, हे सगळं तो बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी शिकायला लागला. त्या वयाचा अमेरिकेतला कॉलेजचा धावपटू हेच करत तीन-चार वर्षं काढून मोकळा झालेला असतो. साबळेकडं दम कमी नव्हता. २०२० मध्ये दिल्लीत त्यानं हाफ मॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत काढली होती. ६१ मिनिटांच्या आत आलेला तो पहिला भारतीय. कमी पडली ती तालीम.

तरीही त्यानं जे केलं ते वेडं आहे. २०१९ च्या दोहा वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या हीटमध्ये दुसऱ्यांच्या धडपडीत अडकला, भारतानं अपील केलं, फायनलला घेतलं गेलं, आणि तिथं ८:२१.३७ लावून टोकियोचं तिकीट काढलं. टोकियोत ८:१८.१२, नवा राष्ट्रीय विक्रम, पण फायनल हुकली. २०२२ च्या जूनमध्ये मोरोक्कोतल्या रबातला डायमंड लीगमध्ये ८:१२.४८, पाचवा. ती शर्यत घरच्या प्रेक्षकांसमोर अल बक्कालीनं ७:५८.२८ मध्ये जिंकली. आणि दोन महिन्यांनी बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा. या शर्यतीत १९९४ नंतर केनियाबाहेरच्या कुणालाही मेडल मिळालं नव्हतं. साबळे ८:११.२० मध्ये दुसरा आला. पहिला किबिवोट, ८:११.१५. पाच शतांश सेकंद! डोळ्याची पापणी लवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. पुढच्या वर्षी हांगझौच्या एशियन गेम्समध्ये त्यानं सोनं घेतलं, वर पाच हजार मीटरला सिल्व्हर.

या सगळ्या सुधारणेच्या मागं एक पत्ता आहे, कोलोरॅडो स्प्रिंग्ज. २०२२ पासून साबळेनं अमेरिकेतल्या या उंचावरच्या गावात कोच स्कॉट सिमन्स यांच्याकडं सराव केला. म्हणजे शेवटी तोही अमेरिकेला गेलाच. फक्त अठराव्या वर्षी विद्यार्थी म्हणून नाही, तर सत्ताविसाव्या वर्षी, देशाचा नंबर एक झाल्यावर. आधी सिद्ध व्हा, मग सोय मिळेल, हा आपला क्रम. अमेरिकन कॉलेजांचा क्रम उलटा असतो : सोय घ्या आणि सिद्ध होऊन दाखवा.

ही कॉलेजवाली पद्धत म्हणजे नक्की काय? तिथं विद्यापीठांच्या खेळांचा सगळा कारभार प्रामुख्यानं एनसीएए ही संस्था बघते. लांब आणि मध्यम पल्ल्याच्या धावपटूला वर्षात तीन सीझन मिळतात. सप्टेंबरपासून क्रॉसकंट्री, हिवाळ्यात छताखालचा इनडोअर ट्रॅक, मार्चपासून उघड्यावरचा. सगळं मिळून वर्षाला पंधरा-वीस शर्यती सहज होतात. आपल्याकडं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. झोनल, त्यातून निघालात तर इंटरझोनल, त्यातून निघालात तर अखिल भारतीय आंतरविद्यापीठ. झोनलला एक दिवस पोट बिघडलं की वर्ष संपलं. २०२० पासून ‘खेलो इंडिया’च्या विद्यापीठ स्पर्धा आल्यात, त्यानं जरा भर पडली. पण धावपटू शर्यतीत धावूनच तयार होतो, आणि आपला पोरगा वर्षभर रस्त्यावर एकटाच स्वतःच्या मोबाइलमधल्या घड्याळाशी स्पर्धा करत असतो.

परदेशी पोरांनी या पद्धतीचा फायदा फार पूर्वीपासून उठवलाय. सगळ्यात भन्नाट उदाहरण हेन्री रोनोचं. केनियाचा हा गडी वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात शिकत होता. १९७८ मध्ये एप्रिल ते जून अशा ८१ दिवसांत त्यानं चार जागतिक विक्रम मोडले : पाच हजार, स्टीपलचेस, दहा हजार आणि तीन हजार मीटर. त्यातला स्टीपलचेसचा आकडा ८:०५.४. १९७८ मध्ये एका कॉलेजच्या विद्यार्थ्यानं लावलेलं हे टायमिंग पॅरिसच्या ऑलिंपिक सुवर्णपदकापेक्षा सरस आहे! बूट वेगळे, ट्रॅक वेगळा, सगळं धरूनसुद्धा.

मोरोक्कोची नवाल अल मुतवक्किल हीसुद्धा अशीच. १९८३ मध्ये कासाब्लांकाहून ती आयोवा स्टेट विद्यापीठात स्कॉलरशिपवर गेली. तिची शर्यत चारशे मीटर हर्डल्स, म्हणजे मध्यम पल्ल्याची नाही, पण गोष्ट तीच. घरापासून हजारो मैल लांब, कडाक्याची थंडी, भाषा नवी. वर्षभरात ती अमेरिकन कॉलेजांची चॅम्पियन झाली आणि त्याच उन्हाळ्यात, ८ ऑगस्ट १९८४ ला, लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ५४.६१ सेकंदांत सोनं. मोरोक्कोचं ऑलिंपिकमधलं पहिलं सुवर्ण. मुस्लिम देशातल्या बाईनं जिंकलेलं पहिलं. राजे हसन यांनी त्या दिवशी जन्मलेल्या मुलींची नावं नवाल ठेवायला सांगितली असं म्हणतात.

पण मोरोक्कोनं नुसतं परदेशावर विसंबून ठेवलं नाही, हेही सांगायला हवं. १५०० मीटरचा ३:२६.०० हा विक्रम १९९८ पासून ज्याच्या नावावर आहे तो हिशाम अल गरूज घरीच घडला. रबातच्या राष्ट्रीय अॅथलेटिक्स संस्थेत आणि इफ्रानच्या डोंगराळ गावात. अल बक्कालीसुद्धा मोरोक्कोतच तयार झालेला. म्हणजे अमेरिकन कॉलेज हा एकच रस्ता नाही. पोरगं अठरा-एकोणीसचं असताना त्याला ट्रॅक, कोच, जेवण आणि भरपूर शर्यती मिळायला हव्यात, कुठंही मिळोत. आपल्याकडं बालेवाडीला १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांपासून उत्तम ट्रॅक आहे. पण बारामतीहून रोज बालेवाडी गाठणार कोण?

भारतातून अमेरिकन कॉलेजात जाऊन गाजलेली नावं आहेत. उंच उडीतला तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटमधून दोनदा एनसीएए चॅम्पियन झाला, २०१८ आणि २०२२. मध्यम पल्ल्यात २०२४ मध्ये हरियाणाच्या मेवातचा परवेज खान फ्लोरिडा विद्यापीठाकडून १५०० मीटरच्या एनसीएए फायनलपर्यंत पोचला. मेवात काही अमेरिकेला जवळ नाही. मांडव्यापेक्षा किंवा आपल्या इंदापूरच्या एखाद्या वाडीपेक्षा तिथली परिस्थिती फार वेगळी असेल असं मानायचं कारण दिसत नाही.

मग आपल्याकडून कुणी का जात नाही? मला वाटतं, टायमिंगच्या आधी तीन ठिकाणी पोरं अडकतात, आणि ती ठिकाणं आधी कळली तर निम्मं काम होतं.

एक म्हणजे घड्याळ. शर्यतीचं नाही, वयाचं. एनसीएएच्या सर्वोच्च गटात खेळाडूला पाच वर्षांत चार सीझन खेळायला मिळतात, आणि ही पाच वर्षं कुठल्याही कॉलेजात पूर्ण वेळ प्रवेश घेतल्या दिवसापासून मोजली जातात. कुठल्याही, म्हणजे आपल्या बारामतीतल्यासुद्धा. तुम्ही एफवायला नाव घातलं की तिकडं घड्याळ चालू झालं. बारावीनंतर ‘आधी भरतीचं बघू, मग ठरवू’ म्हणून बाहेर थांबलात, तर साधारण एक वर्षाची मुभा असते. त्यानंतरही अधिकृत स्पर्धांत धावत राहिलात की खेळण्याचे सीझन कापले जातात. म्हणजे टीवायच्या पोराला अजून रस्ता आहे, पण तो पदव्युत्तर शिक्षणाला जाऊन एखाद-दोन सीझनपुरता. अकरावीतल्या पोरीला मात्र सगळी पाच वर्षं शिल्लक आहेत. घरात अकरावीतली धाकटी बहीण असेल तर हा पेपर तिच्यापुढं सरकवा.

दुसरं म्हणजे मार्कशीट. खेळाडू म्हटला की अभ्यासाला सुट्टी, हा आपला समज तिथं चालत नाही. नववी ते बारावीचे मार्क बघतात. इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र अशा ठरावीक विषयांचे सोळा कोर्स आणि त्यात किमान २.३ ची सरासरी लागते. शिवाय इंग्रजीची परीक्षा. तिकडं गेल्यावरही नापास झालात तर टीममधून बाहेर बसावं लागतं. ग्राउंडवर पळणाऱ्या पोरांना कुणीतरी नववीतच सांगायला हवं की गणित सोडू नका. सांगत कोण नाही.

तिसरं, पैसे. स्कॉलरशिप हा शब्द ऐकला की सगळं फुकट असं वाटतं. तसं नाही. २०२५ पर्यंतच्या नियमांत पुरुषांच्या अख्ख्या अॅथलेटिक्स टीमला मिळून १२.६ स्कॉलरशिप असायच्या, मुलींच्या टीमला १८. त्यात धावणारे, उड्या मारणारे, गोळाफेक-थाळीफेकवाले सगळे आले. मग कोच त्याचे तुकडे करून वाटायचा. कुणाला अर्धी, कुणाला पाव. पूर्ण मिळायची ती थोड्यांनाच. बऱ्याच विद्यापीठांत वर्षाचा खर्च तीस लाखांच्या पुढं जातो, त्याची पाव स्कॉलरशिप म्हणजे काय ते तुम्हीच काढा. मुलींची संधी त्यातल्या त्यात बरी होती, हे या आकड्यांवरूनच दिसतं. लहान विद्यापीठं, दोन वर्षांची कॉलेजं असेही दरवाजे आहेत, तिथं टायमिंगची अटही जरा सैल असते.

आणि एक बारीक खाच. गावोगावच्या मॅरेथॉनला मिळणारं रोख बक्षीस. एनसीएएच्या २०२४ च्या नियमात स्पर्धेच्या खर्चापुरती रक्कम चालायची, त्यावर कमाई केली तर हौशी खेळाडू म्हणून असलेली पात्रता धोक्यात यायची. आता हे आपल्याकडच्या पोराला कसं सांगायचं? इथं तर बक्षिसासाठीच पळतात. बारामतीनं धावण्याचा जो सगळ्यात मोठा पराक्रम पाहिला, तो लता करे यांचा. २०१३ मध्ये नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते म्हणून साठी ओलांडलेल्या या बाई नऊवारीत, अनवाणी, तीन किलोमीटरच्या शर्यतीत पळाल्या आणि पहिल्या आल्या. पाच हजारांसाठी. त्यांच्यावर पुढं सिनेमा निघाला. हौशी खेळाडूचे नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यापुढं अशी शर्यत नक्कीच नव्हती.

म्हणून भरतीला नावं ठेवायचं मला जमत नाही. साबळेला सैन्यानं घडवलं हे खरंच आहे. वीटभट्टीवरच्या आईबापाला बारावी झालेल्या मुलाचा पगार हवा असतो, चार वर्षांनी मिळणारी अमेरिकन डिग्री नको असते. आणि परदेशी कॉलेज म्हणजे सगळं गोड असंही नाही. हेन्री रोनोचंच बघा. केनियानं १९७६ आणि १९८० अशा दोन्ही ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला, त्यामुळं चार जागतिक विक्रमांच्या मालकाला एकदाही ऑलिंपिक धावायला मिळालं नाही. पुढं दारू, पैशाची तंगी, काही काळ डोक्यावर छप्परही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो नैरोबीत गेला. ट्रॅकवर त्याच्या टायमिंगची काळजी घेणारे खूप होते, ट्रॅकच्या बाहेर पडल्यावर तो एकटा होता. घर सोडून जाणाऱ्या पोरानं ही बाजूही डोळे उघडे ठेवून बघावी.

आपल्या बाजूच्या माण तालुक्यातली, मोहीची ललिता बाबर रिओला याच शर्यतीच्या फायनलमध्ये दहावी आली होती. तीही इथल्याच मातीत पळून, परदेशी कॉलेज न बघता. मोही आणि मांडवं. एवढ्या कोरड्या भागातून दोन ऑलिंपिक फायनलिस्ट निघाले, दोघंही उशिरा स्टीपलचेसकडं वळलेले. लवकर वळले असते तर, हा प्रश्न मला तरी सोडत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी भरतीच्या सरावाला जाल तेव्हा एक करा. रस्त्यावर नको, मोजलेल्या ट्रॅकवर सोळाशे पळा. दुसऱ्याच्या हातात घड्याळ द्या. ५:१० च्या आसपास आलात तर उत्तम, वीस मार्क पक्के, भरतीचा फॉर्म भरा. साडेचारच्या आत आलात आणि वय अजून विशीच्या अलीकडं असेल, तर ते टायमिंग एखाद्या अधिकृत स्पर्धेत नोंदवून घ्या. कारण तिकडचा कोच मोबाइलवरचा आकडा धरत नाही, त्याला निकालपत्र लागतं. मग नववीपासूनच्या मार्कशीट्स काढा, आणि विद्यापीठाच्या ट्रॅक टीमचा कोच कोण आहे ते शोधून त्याला सरळ मेल टाका. पहिल्या दहा जणांचं उत्तर येणार नाही.